अक्षता पडताना थांबणारा फ्लॅश नको: गोडॉक्स व्ही८६० थ्री, दोन हंगामांनंतर

शेवटची मंगलाष्टका संपत आली होती. स्टेजच्या डाव्या कोपऱ्यात एक गुडघा टेकून मी तयार बसले होते. भटजींचं ‘तदेव लग्नं’ सुरू झालं, अंतरपाट खाली आला, मी बटण दाबलं, फ्लॅश पडला. नवरीनं हार उचलला, मी बटण दाबलं, फोटो काळा. अक्षता उडाल्या, फोटो काळा. बाहेर बँड वाजायला लागला तेव्हा कुठे फ्लॅशच्या पाठीवरचा लाल दिवा पेटला. साहेब तयार झाले होते, पण लग्न लागून गेलं होतं.

ही २०१८ ची गोष्ट. तो फ्लॅश कुठल्या कंपनीचा ते सांगत नाही, कारण खोक्यावरचं नाव मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही कधी ऐकलं नाही. बिल नव्हतं. दुकानदारानं एक आकडा दाखवला, ‘५८ आहे ताई’, आणि मी भुलले. आत टाकलेले सेल कार्यालयाबाहेरच्या टपरीवरून घेतलेले. हाराचा फोटो शेवटी व्हिडिओवाल्याच्या फिल्ममधून काढून अल्बमला लावला. नवरीच्या आईनं तो बघितला आणि काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून फ्लॅश घेताना मी एकच गोष्ट बघते: अंतरपाट, हार आणि अक्षता, या चार सेकंदांत तो किती वेळा पडतो. बाकी सगळं त्यानंतर. गोडॉक्सचा व्ही८६० थ्री घेऊन मला दोन हंगाम झाले. तुळशीच्या लग्नापासून आषाढाच्या तोंडापर्यंत एक हंगाम धरला तर साठेक लग्नं, वर साखरपुडे, बारशी आणि एक साखर कारखान्याची वार्षिक सभा. एवढ्यानंतर काही सांगायला हरकत नाही.

आधी त्या आकड्याबद्दल, कारण दुकानात सगळे तोच दाखवतात. माझे वडील, आप्पा, कराडमध्ये तीस वर्षं स्टुडिओ चालवत होते. त्यांच्याकडे मेट्झचा ४५ नंबरचा दांडीवाला फ्लॅश होता, कॅमेऱ्याच्या शेजारी कंसाला लावून हातोड्यासारखा धरायचा. ४५ हा त्याचा गाइड नंबर. शंभर एएसएची (आजच्या भाषेत आयएसओ १००) फिल्म घातली की ४५ ला मीटरमधल्या अंतरानं भागायचं, उत्तर आलं ते लेन्सचं छिद्र, म्हणजे ॲपर्चर. चार मीटरवर जोडपं असेल तर एफ/११, आठ मीटरवरून पूर्ण पंगत घ्यायची तर एफ/५.६. आप्पा हे पाढ्यासारखं म्हणायचे. एका लग्नाला छत्तीसचे दोन रोल, त्यामुळे फ्लॅशही मोजून बहात्तर.

आता गंमत बघा. मेट्झचा तो ४५ हा ३५ मिलिमीटरच्या लेन्सला पुरेल एवढा प्रकाश पसरवून मोजलेला होता. आजच्या फ्लॅशच्या खोक्यावर लिहिलेला ६० हा डोक्यातला झूम पार २०० मिलिमीटरला नेऊन, प्रकाशाची सळई करून मोजलेला असतो. कॅननचा जुना ५८० ईएक्स घ्या. नावातच ५८ आहे, पण तो १०५ मिलिमीटरचा. ३५ ला आणला की तोच फ्लॅश ३६ वर येतो. निकॉन मात्र आपल्या एसबी-७०० चा आकडा ३५ मिलिमीटरचाच सांगतं, २८. आता दुकानात ६० आणि २८ शेजारी ठेवले तर कोण २८ उचलेल? पण एकाच लेन्सला मोजलं तर हे अंतर ३६ आणि २८ च्या आसपासचं, म्हणजे एका स्टॉपपेक्षाही कमी (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). आयएसओचं, म्हणजे कॅमेऱ्याच्या संवेदनशीलतेचं, चाक दोन खटके फिरवलं की भरून निघतं.

हे मी आप्पांना सांगितलं तर म्हणाले, “म्हणजे माझा म्हातारा तुझ्या पोराला भारी?”

“ताकदीत भारी आहे आप्पा. पण तुमच्या म्हाताऱ्याला दम लागायचा.”

“मग काय, मलाबी लागायचा.”

खरेदीला मी बोरा बझारला गेले. कराडहून महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडली की सकाळी सीएसएमटीला उतरायचं, समोरच बोरा बझार. फक्त दुकानं उघडायला दहा-अकरा वाजतात, तोवर पुरीभाजी खाऊन फोर्टमध्ये चालत बसावं लागतं. ऑनलाइन पाच-सातशे रुपये वाचले असते. पण फ्लॅश ही हातात घेऊन, आपल्याच कॅमेऱ्यावर चढवून, दहा वेळा मारून बघायची वस्तू आहे. माझा कॅमेरा निकॉन डी७५०, सेकंडहँड घेतलेला. तो पिशवीतून काढला तसा काउंटरवरचा मुलगा जरा सरसावला.

“ताई, लग्नाचं काम का? मग हा घ्या, साठ जीएन (गाइड नंबर), आरामात निघेल.”

मी म्हटलं, “साठ राहू दे. चौथाई पॉवरला ठेव, डोकं छताकडं कर, मी दहा फोटो सलग काढते.”

तो हसला आणि तीन फ्लॅश काढून ठेवले. पोरगं हुशार होतं. पुढचा तासभर आम्ही दुकानाच्या पीओपीवर फ्लॅश मारत बसलो.

पहिला टीटी ६८५ टू. चार पेन्सिल सेलवर चालतो, टीटीएल आहे (म्हणजे उजेड मोजून ताकद आपोआप ठरते), दुसऱ्या फ्लॅशशी बोलायला रेडिओ आहे, किंमत तेव्हा दहा-अकरा हजारांच्या घरात. पूर्ण ताकदीनं मारल्यावर परत भरायला कंपनीच्याच आकड्यानुसार २.६ सेकंदांपर्यंत लागतात आणि एका सेलसंचात असे सुमारे २३० फ्लॅश. दुसरा व्ही८६० थ्री. प्रकाश जवळपास तोच, पण आत लिथियमची बॅटरी: दीड सेकंदात भरतो, पूर्ण ताकदीचे ४८० फ्लॅश देतो. तिसरा व्ही१, गोल डोक्याचा. बॅटरी आणि आकडे थ्रीचेच, वर लोहचुंबकानं चिकटणारं सामान, आणि किंमत तेव्हा तीनेक हजार जास्त.

व्ही१ चं गोल डोकं दिसायला फार देखणं आहे. थेट तोंडावर मारलात तर त्याच्या प्रकाशाची कड मऊ पडते, चौकोनी डोक्याची जरा कडक दिसते. पण मी थेट मारतेच कुठे? छतावर आपटून खाली आलेल्या प्रकाशाला आपण गोलातून निघालो की चौकोनातून, याची आठवण राहत नाही. शिवाय व्ही१ चा झूम १०५ ला थांबतो, थ्रीचा २०० पर्यंत जातो. मोठ्या कार्यालयात छत उंच असेल तर डोकं छताकडे करून झूम पुढे न्यायचा, प्रकाश वाटेत सांडत नाही. तीन हजार वाचवले आणि थ्री घेतला. साडेसतरा हजार दिले, जीएसटीचं बिल घेतलं, वॉरंटी कार्डावर शिक्का मारून घेतला, खोक्यावरचा सीरियल नंबर फ्लॅशशी जुळवला. २०१८ नं एवढं तरी शिकवलं होतं.

निकॉनचा एसबी-७०० पण बघितला, सेकंडहँड. बांधणी काय सुंदर आहे! खटके, कळा, सगळं जिथल्या तिथं, हाताला कळतं. पण भरायला चांगल्या रिचार्जेबल सेलवरही अडीच सेकंद, आणि कॅमेऱ्यापासून लांब ठेवून वापरायचा तर तो दुसऱ्या फ्लॅशची चमक डोळ्यानं बघून चालतो, रेडिओ नाही. मधे एक जाड मामा उभे राहिले की संपलं. आमच्याकडच्या लग्नात मधे मामा उभे राहतातच.

आता कार्यालयात काय होतं ते सांगते.

कराड-पाटण भागातली जुनी कार्यालयं म्हणजे बारा-चौदा फुटांचा पांढरा स्लॅब. याच्यासारखं सुख नाही. डोकं वर आणि किंचित मागे फिरवायचं, आतून पांढरं कार्ड बाहेर ओढायचं म्हणजे डोळ्यांत चमक येते. आयएसओ ८००, एफ/४, शटर १/१६०. प्रकाश वर जाऊन खाली येतो, वाटेत छत बराचसा गिळतं, तरी एवढ्यात चौथाई ताकद पुरते. आयएसओ १६०० केला तर आठवा हिस्सा. इथंच सगळा खेळ आहे. चौथाईला थ्री भरायला वेळ घेतोय हे जाणवतच नाही. अंतरपाट, हार, अक्षता, मागे करवल्यांची तोंडं, सलग सात-आठ फोटो, आणि सगळ्यांत उजेड सारखा.

आणखी एक गोष्ट मला नंतर लक्षात आली. फ्लॅश ताकद कमी करतो म्हणजे मंद पेटत नाही, कमी वेळ पेटतो. पूर्ण ताकदीला साधारण सेकंदाचा तीनशेवा भाग, आणि सगळ्यात खालच्या पायरीला वीस हजारावा. त्यामुळे पूर्ण ताकदीनं मारलं की हवेतल्या अक्षतांच्या छोट्या रेघा होतात. आठव्या हिश्श्याला दाणा न् दाणा टिपलेला दिसतो, हळदकुंकवाच्या रंगासकट. म्हणजे जास्त ताकद मागणारे फोटोही बिघडवतात आणि सेलही संपवतात. आयएसओ वाढवायला घाबरणाऱ्या माझ्या बऱ्याच भावांना हे पटत नाही. त्यांच्या डोक्यात अजून जुन्या काळचा कॅमेरा आहे.

मांडवात मात्र पंचाईत. वर भगवं किंवा राणी रंगाचं कापड असलं की तिथून परतणारा प्रकाश तोच रंग घेऊन येतो. नवरी पपईच्या रंगाची, नवरदेवाचा पांढरा फेटा आमरस. हे नंतर संगणकावर पूर्ण निघत नाही, कारण चेहऱ्यावर एक रंग आणि मागच्या लोकांवर दुसरा. अशा वेळी मी छताचा नाद सोडते आणि बाजूची पांढरी भिंत किंवा कनातीचा पांढरा भाग शोधते. तोही नसेल तर डोकं बाजूला फिरवून मदतनीस पोराला थर्माकोलचा तुकडा धरायला लावते. थ्रीचं डोकं दोन्ही बाजूंना बरंच मागेपर्यंत वळतं. कॅमेरा उभा धरल्यावर हे फार कामाला येतं. स्वस्तातला फ्लॅश बघताना हे जरूर तपासा, कारण काहींचं डोकं फक्त वर-खाली होतं, आणि उभा फोटो काढायचा म्हटलं की तुम्ही अडकलात.

फ्लॅशच्या डोक्याला मी स्टेशनरीच्या दुकानातली काळी फोमशीट गुंडाळते, वरून केसांचा रबर. दहा-पंधरा रुपयांचा खर्च. प्रकाश समोरच्या पंगतीच्या डोळ्यांत जात नाही, फक्त भिंतीकडे जातो. खोक्याबरोबर किंवा वेगळा मिळणारा तो पांढरा प्लॅस्टिकचा डबा मात्र माझ्या कपाटात पडून आहे. खोलीत ठीक. पण लोक तो लावून रात्री उघड्या लॉनवर फ्लॅश आकाशाकडे करून मारतात. वर काय आहे? चांदण्या. त्यांच्यावरून काय परत येणार?

टीटीएलबद्दल थोडं. फोटोच्या आधी फ्लॅश एक बारीक चमक मारून मोजमाप घेतो आणि मग खरा पडतो. मधलं अंतर इतकं कमी की आपल्याला एकच वाटतो. पण काही लोकांच्या पापण्या त्या पहिल्या चमकेलाच मिटतात, आणि खरा फ्लॅश पडतो तेव्हा ते ध्यानस्थ. प्रत्येक कुटुंबात असा एक काका असतो. डी७५० वर मी समोरच्या एफएन बटणाला एफव्ही लॉक दिला आहे. ते दाबलं की बारीक चमक आधीच पडून जाते, काका डोळे मिटतो, उघडतो, मग मी फोटो काढते. थ्री हे नीट पाळतो. दुसरी अडचण जरीची. पैठणीचा पदर समोर आला, त्यात नथ, मुंडावळ्या चमकल्या की कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार झाला, आणि चेहरे काळवंडतात. म्हणून स्टेजवरच्या घरच्या-दारच्या ग्रुप फोटोंना मी सरळ मॅन्युअलवर जाते. अंतर तेच, छत तेच, माणसं फक्त बदलतात. थ्रीला टीटीएलवरून मॅन्युअलवर जायला बाजूलाच एक खटका आहे आणि टीटीएलनं जी ताकद वापरली तीच मॅन्युअलमध्ये घेऊन येतो. हा खटका मला या फ्लॅशचा सगळ्यात शहाणा भाग वाटतो. जाहिरातीत मात्र त्याच्यापेक्षा मॉडेलिंग लाइटचं कौतुक जास्त. तो बारका एलईडी मी दोन हंगामांत फक्त गाडीखाली पडलेलं लेन्सचं झाकण शोधायला वापरला.

वरातीत मी फ्लॅश मागच्या पडद्यावर (रिअर कर्टन) ठेवते, म्हणजे तो शटर बंद होता होता पडतो. शटर १/१५, लोक नाचताहेत, डीजेच्या दिव्यांच्या रेघा होतात आणि शेवटच्या क्षणी फ्लॅश पडून चेहरा टिपला जातो. यात एकच जपायचं. टीटीएल असेल तर बारीक चमक सुरुवातीला पडते आणि लोकांना वाटतं फोटो झाला, पोझ सोडून देतात. मॅन्युअल ठेवा, सोळावा हिस्सा.

दिवसाउजेडी मात्र फार आशा ठेवू नका. प्रीतिसंगमावर प्रीवेडिंगवाले नेहमी दुपारीच येतात, का ते देव जाणे. कृष्णा-कोयनेच्या पाण्यावरून येणारं ऊन, मागं आभाळ पांढरंफटक. डी७५० चं फ्लॅशसोबतचं नेहमीचं शटर १/२०० पर्यंत. त्याच्यावर जायचं तर हायस्पीड सिंक, म्हणजे फ्लॅश एकदा न पडता शटरच्या फटीमागून भराभर थरथरत राहतो. त्यात दोनेक स्टॉप ताकद हमखास जाते. १/२०००, एफ/२.८ वर थ्री एक-दीड मीटरच्या आत असेल तर चेहऱ्यावरची सावली उचलतो. प्रकाश मऊ करणारी छत्री मधे घातलीत तर तेही नाही. उन्हात मोठी छत्री वापरायची असेल तर कॅमेऱ्यावर बसणारा कुठलाच फ्लॅश घेऊ नका, स्टँडवरचा मोठा दिवा घ्या. आणि कॅमेऱ्याच्या मेन्यूत ऑटो एफपी (निकॉनचं हायस्पीड सिंकचं नाव) चालू केला नसेल तर १/२०० च्या वर तो तुम्हाला जाऊच देत नाही. पहिल्या दिवशी अर्धा तास मी फ्लॅशला शिव्या दिल्या, चूक माझी होती.

बॅटरीचं. एका लग्नाचे माझे चौदाशे-पंधराशे फोटो होतात, त्यातले हजारेक फ्लॅशचे. बहुतेक चौथाई-आठव्यावर, त्यामुळे एक बॅटरी हळदीपासून पाठवणीपर्यंत जाते. तरी दुसरी घेतली, साडेतीन हजार गेले. चार्जर यूएसबीवर चालतो ही मोठी सोय. लाइट गेली तर गाडीत किंवा पॉवर बँकेवर लावायचं.

पण लिथियमची दुसरी बाजू सांगायलाच हवी. ही बॅटरी याच जातीच्या फ्लॅशला बसते. पाटणच्या पुढे डोंगरात लग्न असेल, दोन्ही बॅटऱ्या घरी राहिल्या असतील, तर हातात साडेसतरा हजारांचा दगड. पेन्सिल सेल कुठल्याही वाडीत मिळतात. वाईट चालतील, पण चालतील. म्हणून माझा दुसरा फ्लॅश टीटी ६८५ टू आहे, सेलवाला. सेल घेतलेत तर एनलूपसारखे, घेऊन महिनाभर पडले तरी चार्ज न सोडणारे घ्या, आणि चार्जर प्रत्येक सेल वेगळा भरणारा. आठ सेल, चार-चारचे दोन संच, आणि ते संच एकमेकांत मिसळायचे नाहीत. मी नेलपॉलिशनं एका संचाला लाल ठिपका दिलाय, दुसऱ्याला गुलाबी.

हा दुसरा फ्लॅश रात्रीच्या लॉन रिसेप्शनला लागतो, जिथं छतच नाही. कॅमेऱ्यावरचा थ्री मुख्य, तो रेडिओनं ६८५ ला हुकूम देतो, वेगळा ट्रिगर लागत नाही. ६८५ मोनोपॉडवर (एका पायाच्या दांड्यावर), पांढऱ्या छत्रीच्या मागं, पोराच्या हातात. स्टँड नाही, कारण वाऱ्यानं छत्री आडवी होते आणि तिच्याखाली हमखास कुणाची तरी आजी असते. थ्रीच्या पडद्यावरूनच ‘बी’ गटाची, म्हणजे ६८५ ची, ताकद कमी-जास्त करता येते. सुरुवातीला हे मेन्यू डोक्यात बसत नाहीत. घरी दोन संध्याकाळी पातेल्याचे फोटो काढत बसा, लग्नात शिकू नका. आणखी एक सोय: या रेडिओला समोरचा गोडॉक्स कॅननसाठीचा की निकॉनसाठीचा हे कळायची गरज नसते. साताऱ्याच्या एका मैत्रिणीकडे कॅननसाठीची जात आहे, आम्ही मोठ्या लग्नात एकमेकींचे फ्लॅश पोराच्या हातात देतो आणि चालतात. मात्र कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवायचा फ्लॅश आपल्याच कॅमेऱ्याच्या कंपनीसाठी बनवलेला हवा. नावाच्या शेवटी निकॉनला एन, कॅननला सी, सोनीला एस. ऑर्डर करताना ते एक अक्षर नीट वाचा.

शूबद्दल, म्हणजे कॅमेऱ्याच्या डोक्यावर फ्लॅश बसवायच्या खाचेबद्दल, एक सावधगिरी. कॅननच्या २०० डी मार्क टूसारख्या काही कॅमेऱ्यांच्या शूमध्ये मधला गोल संपर्कच नाही. साधे, एका टाचणीवर चालणारे फ्लॅश आणि ट्रिगर त्यावर पेटत नाहीत. घेण्याआधी कॅमेऱ्याच्या डोक्यावर नुसतं बोट फिरवून बघा. उलट बाजूनं, घरातले फिल्मच्या काळचे जुने फ्लॅश उत्साहानं डिजिटलवर चढवू नका. काहींच्या पायातून शंभर-दोनशे व्होल्टपर्यंत करंट येतो आणि कॅमेऱ्याची आतली पाटी जाते. आप्पांचा मेट्झ म्हणूनच शोकेसमध्ये आहे.

थ्रीबद्दल तक्रार काय? पूर्ण ताकदीवर तीस-चाळीस सलग मारले की तो तापतो आणि स्वतःला सावरायला हळू होतो. सगळेच होतात, पण मोठ्या ग्रुपना घाई असते तेव्हा हे ध्यानात हवं. कॅमेऱ्यासकट गळ्यात दिवसभर वजन जाणवतं, मान सांगते. आणि डोक्याचा झूम सारखा करकर करतो. मंगलाष्टकांत ऐकू जात नाही, पण बारशाला नाव ठेवताना शांतता असते, तेव्हा झूम मॅन्युअलवर ठेवते.

पहिलाच फ्लॅश घेणाऱ्यांनी मला विचारलं तर मी थ्री सांगत नाही. घरचे वाढदिवस, गणपती, मुलांचे फोटो असतील तर टीटी ६८५ टू आणि चांगले आठ सेल. छोटा मिररलेस कॅमेरा असेल तर टीटी ३५०. दोनच सेलवर चालतो, डोकंही वळतं, फक्त मोठ्या कार्यालयाची अपेक्षा धरू नका. दागिने, भांडी, मिठाई असं टेबलावरचं काम असेल तर टीटी ६०० दोन घ्या. टीटीएल नाही, पण समोरची कढई हलत नाही, तुम्हाला टीटीएल कशाला हवा? आणि लग्नं करत असाल, अक्षतांचा फोटो तुमच्या नावावर जाणार असेल, तर थ्री घ्या, दुसऱ्या बॅटरीसकट. बजेट बसत नसेल तर लेन्स सहा महिने पुढे ढकला.

चातुर्मासात बंद काळ असतो तेव्हा सेल काढून ठेवते, लिथियमची बॅटरी अर्धी भरून, सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत. पंधरा दिवसांतून एकदा दोन्ही फ्लॅश बाहेर काढून दहा-बारा वेळा मारायचे, आतला वीज साठवणारा कपॅसिटर आळसावू नये म्हणून. हे काम आप्पांनी आपल्याकडे घेतलंय. सोप्यात खुर्चीवर बसतात, फ्लॅश छताकडे करतात आणि बटण दाबत मोजतात. मागच्या आठवड्यात आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, वीज चमकतेय का, कपडे काढू का. आप्पा म्हणाले, “थांब जरा, एकाहत्तर झालेत.”